उकल आणि विसर : ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’

रहस्यकथेचा लेखक आणि तिचा वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. आरंभी जे दडवले जाते ते अखेरीस उघड होईल, एवढाच त्या कराराचा मजकूर. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची चर्चा करताना दाखवून दिले की, अशा कथेत खरे तर दोन कथा नांदत असतात. एक गुन्ह्याची : ती घडून गेलेली असते, पण वाचकासमोर नसते. दुसरी शोधाची : ती वाचकासमोर असते, पण तिचे प्रयोजन पहिल्या कथेची जुळणी करून देणे एवढेच असते. जपानमध्ये १९९८ साली प्रक्षेपित झालेली ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’ ही १३ भागांची ॲनिमे मालिका हा करार पहिल्या भागात बिनतक्रार मान्य करते आणि शेवटच्या भागात तो मोडते. मोडते म्हणजे रहस्याची उकल करण्याचे टाळते असे नव्हे. ज्याची उकल करायची ती घटनाच घडली नव्हती, अशी व्यवस्था करते. या मालिकेविषयी रसिकाच्या मनात उमटणारे ठसे संमिश्र का राहतात, याचे मूळ या व्यवस्थेत आहे. ती कलेच्या दृष्टीने धाडसी आहे; नीतीच्या दृष्टीने मात्र तिच्यापुढे प्रश्नचिन्ह उभे राहते.

मालिकेचे दिग्दर्शन र्‍यूतारो नाकामुरा यांचे, लेखन चिआकी कोनाका यांचे, व्यक्तिरेखांचे रेखाटन योशितोशी आबे यांचे आणि निर्मिती यासुयुकी उएदा यांची. टीव्ही टोकियो या वाहिनीवरून ती जुलै ते सप्टेंबर १९९८ या काळात मध्यरात्रीनंतरच्या वेळेत दाखवली गेली. मध्यरात्रीची ही वेळ महत्त्वाची आहे, कारण मुलांसाठी नसलेल्या, व्यापारी यशाची फारशी हमी नसलेल्या प्रयोगांना त्या काळी तेथेच जागा मिळत असे. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ (१९९५-९६) या मालिकेने अंतर्मुख नायक आणि अनिश्चित शेवट या गोष्टी जपानी प्रेक्षकाच्या परिचयाच्या करून ठेवल्या होत्या. मार्च १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला होता, आणि सुशिक्षित, विज्ञान शिकलेली तरुण माणसे एका स्वयंघोषित देवाच्या मागे कशी गेली, हा प्रश्न जपानी समाजाला छळत होता. संगणक घराघरांत येऊ लागला होता. एकाकी मुलगी, जाळे आणि स्वतःला देव म्हणवणारा पुरुष ही ‘लेन’ची तीन केंद्रे या वातावरणातून निपजली आहेत.

कथेचा आरंभ एका मृत्यूने होतो. चिसा योमोदा ही शाळकरी मुलगी शहराच्या गजबजलेल्या भागातील एका इमारतीवरून उडी घेते. काही दिवसांनी तिच्या शाळेतील मुलींना तिच्याकडून संगणकीय टपाल येऊ लागते. चौदा वर्षांची, अबोल, संगणकाशी फारसे सख्य नसलेली लेन इवाकुरा आपला जुना यंत्रसंच उघडते, तेव्हा तिलाही तसाच संदेश मिळतो. आपण केवळ शरीर टाकले आहे, आपण येथेच आहोत, अशा अर्थाचे काही चिसा तिला सांगते. लेन आणि चिसा एकदाच कधीतरी शाळेतून बरोबर घरी गेलेल्या असतात. त्यापलीकडे त्यांचा संबंध नाही. रहस्यकथेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे मृत व्यक्ती आहे, पुरावा आहे आणि अनिच्छेने शोध घेणारी एक व्यक्तीही आहे. मुलगी का मेली? तिच्या नावाने लिहिणारे कोण? या दोन प्रश्नांनी प्रेक्षक बांधला जातो.

परंतु पुढच्या भागांत शोधाची दिशा पालटते. ‘वायर्ड’ या नावाच्या जाळ्यात लेनसारखीच दिसणारी, पण धीट आणि प्रसंगी क्रूर अशी दुसरी लेन वावरत असल्याचे लोक सांगू लागतात. चिसाविषयीचा प्रश्न हळूहळू बाजूला पडतो आणि ‘लेन कोण आहे?’ हा प्रश्न पुढे येतो. शोध घेणारी व्यक्तीच शोधाचा विषय होते. ही कलाटणी नवी नाही. आंधळ्या राजाच्या ग्रीक कथेपासून ती वाङ्मयाला परिचित आहे. नवे आहे ते हे की, या शोधात ‘मी’ म्हणजे काय याचे उत्तर आतून येत नाही. लेन म्हणजे इतरांच्या मनांत लेनची जी प्रतिमा आहे ती, असे मालिका सुचवत जाते. कोणाच्या आठवणीत नसलेले माणूस अस्तित्वातच नसते, हे तिचे गृहीतक आहे, आणि सगळी कथा त्या गृहीतकाची परीक्षा आहे.

ही परीक्षा जेथे दृश्यांतून होते तेथे मालिका निःसंशय उंची गाठते. विजेच्या तारांचे जाळे आणि त्यांची अखंड गुणगुण, दुपारच्या उन्हात पांढरा पडलेला रस्ता, सावल्यांवर पसरलेले गडद रंगांचे डाग, जेवणाच्या टेबलावरचे लांबत जाणारे मौन : या गोष्टी भागामागून भाग पुन्हा येतात. कित्येकदा तेच चित्र तसेच पुन्हा वापरले आहे. मर्यादित खर्चात काम करणाऱ्या दूरदर्शन मालिकांमध्ये असा पुनर्वापर नेहमीचाच. मात्र येथे काटकसरीचे रूपांतर लयीत झाले आहे. तोच रस्ता पाचव्यांदा दिसतो तेव्हा तो ओळखीचा वाटण्याऐवजी अधिक परका वाटतो. परिचयातूनच अपरिचितीकरण साधले जाते. लेनच्या खोलीतील संगणक वाढत वाढत खोली व्यापून टाकतो, शीतकरणाच्या नळ्यांतून पाणी ठिबकते, आणि त्या यंत्रारण्यात अस्वलाच्या आकाराचा झोपण्याचा पोशाख घातलेली एक मुलगी बसलेली असते. एकाकीपणाचे इतके अचूक चित्र शब्दांच्या कथेलाही क्वचितच साधते.

पाचव्या भागातील मिका या थोरल्या बहिणीची कथा या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. मिका ही घरातील सर्वांत सामान्य व्यक्ती; जाळ्याशी तिला काही देणेघेणे नाही. शहरात हिंडताना तिला अनाकलनीय संदेश दिसू लागतात, वास्तवावरची तिची पकड सुटत जाते, आणि ती कशीबशी घराच्या दारापर्यंत पोहोचते तेव्हा घरात तिच्याच रूपाची एक मुलगी आधीच असते. दारातली मिका विरून जाते. घरात उरलेली पोकळ मिका पुढील भागांत कोपऱ्यात बसून दूरसंचार यंत्रासारखे आवाज पुटपुटताना दिसते. आईवडील त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. मालिकाही या अन्यायाचा कधी उच्चार करत नाही. एक मुलगी घरातल्या घरात हरवली आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही, हे सत्य कोणत्याही भाष्याविना तसेच ठेवले आहे. ‘लेन’मधील सर्वांत भयप्रद घटना ही आहे, आणि ती घडवण्यासाठी कोणत्याही खलनायकाची गरज पडलेली नाही.

मालिकेचा तोल जातो तो नवव्या भागात. येथवर जे सूचित केले, ते आता समजावून सांगायचे असे निर्मात्यांनी ठरवलेले दिसते. निवेदकाच्या गंभीर आवाजात, वृत्तपटाच्या थाटात, अमेरिकेतील रोझवेल येथे १९४७ मध्ये कोसळलेल्या कथित परग्रहयानाची गोष्ट येते. ‘मॅजेस्टिक १२’ या कथित गुप्त समितीची येते. व्हॅनेवर बुश यांनी १९४५ मध्ये मांडलेली ‘मेमेक्स’ या स्मृतियंत्राची कल्पना, जॉन लिली यांचे जाणिवेवरील प्रयोग, टेड नेल्सन यांचा ‘झॅनाडू’ हा जगभरच्या लेखनाला एकत्र गुंफण्याचा संकल्प, आणि पृथ्वीचा पृष्ठभाग व आयनांबर यांच्या दरम्यान निर्माण होणारी शूमान अनुस्पंदने, असे सगळे एका ओळीत मांडले जाते. या साहित्यातून निष्कर्ष काढला जातो तो असा की, मासामी एइरी नावाच्या संशोधकाने जाळ्याच्या सातव्या संकेतप्रणालीत शूमान अनुस्पंदनांचा उपयोग दडवून ठेवला, त्यायोगे मानवी मने यंत्रावाचून परस्परांना जोडण्याची सोय केली, आपली जाणीव त्या प्रणालीत ओतली आणि शरीराचा त्याग करून तो जाळ्याचा देव झाला.

या भागाच्या अपयशाचे विश्लेषण करताना अभिनवगुप्तांच्या रसविघ्नविचाराची मदत होते. रसास्वादात अडथळा आणणाऱ्या सात विघ्नांपैकी पहिले विघ्न संभावनाविरह हे होय : जे दाखवले जात आहे ते शक्य आहे असे प्रेक्षकाला न वाटणे. कृत्य लोकसामान्य नसेल तर त्यावर उपाय म्हणून अभिनवगुप्त रामादी प्रख्यात नावांचा आश्रय सुचवतात, कारण अशा नावांभोवती दीर्घ प्रसिद्धीतून दृढ झालेला विश्वास असतो. नववा भाग नेमका हाच उपाय योजतो. अशक्य कल्पनेला आधार म्हणून तो प्रख्यात नावे आणतो. परंतु ही नावे एका जातीची नाहीत. बुश आणि नेल्सन यांच्या संकल्पना संगणनाच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. शूमान अनुस्पंदने हा भौतिकशास्त्राचा मान्य विषय आहे. त्यांची मूळ वारंवारता सुमारे ७.८ हर्ट्झ असते, मात्र त्यांवरून मने जोडली जातात याला कोणताही आधार नाही. रोझवेलच्या परग्रहवासियांची गोष्ट तर निव्वळ वदंता आहे. नोंद, शास्त्र आणि वदंता ही तिन्ही एकाच आवाजात, एकाच गांभीर्याने सांगितल्यावर विश्वास वाढत नाही, तो विभागला जातो. विघ्नाचा परिहार करण्यासाठी आणलेला उपाय स्वतःच विघ्न होतो.

वदंता वास्तवाचे रूप घेते हाच मालिकेचा विषय आहे, तेव्हा रूपही तसेच असणे योग्य नव्हे काय, असा बचाव येथे करता येईल. हा बचाव सहज बाजूला सारण्याजोगा नाही. आठव्या भागात वदंता एका मुलीचे आयुष्य कसे उद्ध्वस्त करते हे मालिकेने स्वतःच दाखवले आहे. परंतु म्हणूनच नववा भाग अधिक खटकतो. आठव्या भागात वदंतेकडे पाहण्याची एक जागा होती : जिची बदनामी झाली त्या मुलीची. नवव्या भागात तशी जागा नाही. निवेदकाचा आवाज अधिकृत आहे आणि त्याच्या अधिकारावर शंका घेणारे दुसरे कोणी तेथे नाही.

आणखी एक विसंगती येथे उघड होते. अमेरिकी संस्कृती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने स्वीकारलेली अमेरिकी मूल्यदृष्टी यांना दिलेले आव्हान, अशी मालिकेची भूमिका उएदा यांनी एका मुलाखतीत मांडली होती. जपानी आणि अमेरिकी प्रेक्षक तिचे वेगवेगळे अर्थ लावतील आणि त्या भेदातून संवाद घडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तसा भेद आढळला नाही याचे त्यांना वैषम्य वाटले. ग्रहणसिद्धांताच्या अभ्यासकाला हे उदाहरण मोलाचे वाटावे. परंतु ती अपेक्षा फलद्रूप का झाली नाही, याचे एक उत्तर संहितेतच आहे. मालिकेचे शीर्षकगीत बोआ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे, इंग्रजीतले. लेनच्या यंत्रसंचातील प्रणालीचे नाव ‘कोपलँड’, म्हणजे ॲपल कंपनीने १९९६ मध्ये सोडून दिलेल्या प्रकल्पाचे. आणि आपले रहस्य समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा मालिकेने ज्या पुराणकथा उसन्या घेतल्या, त्या जवळजवळ सर्व अमेरिकी. जेथे ती गप्प राहते तेथे, म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या मौनात, मिकाच्या हरवण्यात, तिचे स्वत्व आहे. जेथे ती बोलते तेथे ती ज्याला आव्हान द्यायला निघाली त्याच्याच भाषेत बोलते.

एइरी हा मालिकेतील दुबळा दुवा ठरतो, त्याचेही कारण हेच. शरीर हे ओझे आहे, जाळ्यात विलीन होणे हीच मुक्ती, असे त्याचे तत्त्वज्ञान. चिसाच्या संदेशातील गूढता आणि त्याची प्रवचने यांत गाभ्याचा फरक नाही. फरक आहे तो सांगण्याचा. संदेश ऐकताना प्रेक्षक दचकतो, कारण बोलणारी मुलगी मेलेली आहे आणि ती खरेच बोलते आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही. प्रवचन ऐकताना तो युक्तिवाद तपासू लागतो, आणि तो युक्तिवाद फारसा टिकत नाही. अद्भुताचा स्थायिभाव विस्मय. त्याची जागा वादविवाद घेतो.

तत्त्वज्ञानाला मालिका जे उत्तर देते ते मात्र प्रवचनाचे नाही. बाराव्या भागात ॲलिस ही लेनची एकमेव खरी मैत्रीण अंधाऱ्या, यंत्रांनी भरलेल्या घरात येते. शरीराची आवश्यकता नाही असे लेनचे म्हणणे ती ऐकते आणि उत्तरादाखल लेनचा हात आपल्या छातीवर ठेवते. हृदयाची धडधड. ॲलिस घाबरलेली आहे, म्हणून ती धडधड जोरात आहे. सात भागांच्या सिद्धांतचर्चेला एका स्पर्शाने दिलेले हे उत्तर आहे. ते खोडता येत नाही, कारण ते विधानच नाही. ‘लेन’ची थोरवी कोणाला पटवायची तर नववा भाग विसरून हा प्रसंग पुढे ठेवावा.

परंतु ॲलिसच्याच बाबतीत मालिकेचा नैतिक पेच अधिक तीव्र होतो. आठव्या भागात ॲलिसचे अत्यंत खाजगी गुपित जाळ्यातून सर्वत्र पसरते. पसरवणारी असते लेनचेच रूप घेतलेली दुसरी लेन. मैत्रिणीला वाचवण्यासाठी लेन सर्वांच्या मनांतून ती आठवण पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणालाच काही आठवत नाही; आठवते ते एकट्या ॲलिसला. हा मालिकेतील सर्वांत सूक्ष्म प्रसंग होय. अपमान करणारे विसरले आणि जिचा अपमान झाला ती विसरू शकली नाही, तर तो अपमान संपला असे म्हणायचे काय? उलट तिच्या दुःखाला आता साक्षीदारही उरला नाही. ते तिने स्वतः कल्पिले असे कोणी म्हटले तर तिच्याजवळ उत्तर नाही. विसर हा दयेचा प्रकार असू शकतो, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वगळून वाटलेला विसर हा दुसरा अन्याय ठरतो, हे मालिका येथे जाणून आहे.

म्हणूनच तेराव्या भागाचा शेवट पाहताना मन दुभंगते. लेन या वेळी स्वतःलाच सर्वांच्या स्मृतीतून पुसते. जग पुन्हा मांडले जाते. इवाकुरांच्या घरी एकच मुलगी, मिका, आहे आणि ती सुखरूप आहे. चिसा जिवंत आहे. एइरी हा एक कुरकुरणारा नोकरदार आहे. आत्मबलिदानाची ही कथा भावनिक दृष्ट्या समाधान देते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु करार आठवला की समाधान डळमळते. चिसा का मेली, हा प्रश्न होता. तिला जीव नकोसा का झाला, शाळेत तिच्याशी कोण कसे वागत होते, एकदाच बरोबर चालत गेलेल्या मुलीखेरीज तिला कोणीच का नव्हते, यांतील कशाचाही शोध पूर्ण होत नाही. तिचा मृत्यू समजून घेण्याऐवजी रद्द केला जातो. त्याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, मालिकेच्या पहिल्या अर्ध्या भागात मृत्यू हा दुसऱ्या जगात जाण्याचा मार्ग असल्यासारखा रंगवला गेला आहे आणि ते रंग मोहक आहेत. बाराव्या भागातील हृदयाची धडधड त्या मोहाला उत्तर देते. पण चिसाला ते उत्तर देणारे कोणी नव्हते, याची खंत शेवटाला नाही.

शेवटच्या भागात, निर्मनुष्य अवकाशात, एकाकी लेनला तिचा मानलेला पिता भेटतो आणि तिच्याशी चहाच्या, मादलेन नावाच्या छोट्या केकच्या गोष्टी बोलतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा संदर्भ सांगण्याची गरज नाही. मार्सेल प्रूस्त यांच्या महाकादंबरीत चहात भिजलेल्या मादलेनच्या चवीतून हरवलेले बालपण अवचित उभे राहते. स्मृती ही इच्छेच्या अधीन नसते, ती शरीरात दडून असते आणि चवीने, गंधाने जागी होते, असे ते दर्शन आहे. स्मृती म्हणजे हवी तेव्हा पुसता येणारी नोंद, या मालिकेच्या गृहीतकाला हा एक पदार्थ मुकाट्याने विरोध करतो. पुढे प्रौढ झालेल्या ॲलिसला पादचारी पुलावर एक लहान मुलगी दिसते आणि हिला आपण कुठेतरी पाहिले आहे असे वाटते. नोंद पुसली, तरी काही उरले. मालिकेचा युक्तिवाद आणि मालिकेची प्रतिमासृष्टी यांच्यात जो झगडा १३ भाग चालला आहे, त्यात अखेरीस प्रतिमासृष्टी जिंकते.

‘लेन’ची आज जी प्रशस्ती होते ती बहुधा भाकिताच्या अंगाने. घरबसल्या अनेक रूपांनी वावरणारी माणसे, क्षणात पसरणारी बदनामी, जाळ्यातील पंथ हे सर्व तिने १९९८ मध्येच ओळखले होते, असे म्हटले जाते, आणि ते बव्हंशी खरे आहे. परंतु भाकीत खरे ठरणे हा वाङ्मयीन निकष नव्हे. तसे असते तर विज्ञानकथेचे मूल्यमापन पंचांगकर्त्यांकडे सोपवावे लागले असते. मालिकेचे मोल दुसरीकडे आहे. तेराव्या भागानंतर कथेतील कोणालाही घडलेले काही आठवत नाही. ॲलिसजवळ उरते ती एक अस्पष्ट ओळख. सगळे आठवते ते फक्त प्रेक्षकाला. चिसाने घेतलेली उडी, दारात विरलेली मिका, शाळेत एकटीच शरमेने गोठलेली ॲलिस यांचा तो एकमेव साक्षीदार उरतो. कथेने जी जबाबदारी टाळली ती अशा रीतीने पाहणाऱ्याच्या पदरात पडते. निर्मात्यांनी हे योजले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. करार मोडणाऱ्या या रहस्यकथेला क्षमा करता येते ती एवढ्याचसाठी. आणि तिच्याविषयीची तक्रार शिल्लक राहते तीही एवढ्याचसाठी, की साक्षीदार असणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे.